टक्का सांगण्याआधी छेद सांगा: छोट्या सर्वेक्षणाचा हिशेब आणि अहवाल

माझ्या पहिल्या अहवालात मी लिहिलं होतं, "४० टक्के ग्राहक तुमचं लोणचं घेतात." लोणचेवाल्या काकांनी ते वाचलं, शहरातल्या कुटुंबांचा अंदाज केला, त्याचे ४० टक्के काढले आणि बाटल्यांची ऑर्डर देऊन टाकली. माझे ४० टक्के होते फक्त विकतचं लोणचं घेणाऱ्यांपैकी. घरी लोणचं घालणाऱ्यांना मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. गुणाकार-भागाकारात कुठेही चूक नव्हती, तरी त्या रिकाम्या बाटल्या वर्षभर काकांच्या माळ्यावर पडून होत्या. तेव्हापासून मी स्वतःला एक सवय लावली. टक्का लिहिण्याआधी त्याचा छेद लिहायचा. शाळेत अपूर्णांक शिकलो त्यातला, रेघेखालचा आकडा.

मी पुण्यात छोट्या उद्योगांसाठी सर्वेक्षणं करते. बी.कॉम. झाल्यावर घरोघर जाऊन फॉर्म भरून घेण्यापासून सुरुवात केली, पेठांमधले जिने चढले, दारातून परत फिरले, पुढे आकड्यांच्या बाजूला आले. ज्यांनी कागदावर किंवा गूगल फॉर्मवर शे-दोनशे उत्तरं गोळा केली आहेत आणि आता एक्सेल उघडून पुढे काय करायचं ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. बेरीज, टक्केवारी, मध्यक आणि एक-दोन सूत्रं पुरतात.

उदाहरण माझ्याच कामातलं घेते. थालीपीठाची भाजणी करून विकणाऱ्या एक ताई आहेत. अर्धा किलोचं पाकीट दुकानांत जातं. त्यांचा प्रश्न एकच होता: २०० ग्रॅमचं छोटं पाकीट काढावं का? कोथरूड, हडपसर आणि पिंपरी इथल्या किराणा दुकानांबाहेर आम्ही लोकांना थांबवून विचारलं. त्यांचा धंदा ओळखू येऊ नये आणि हिशेब सोपा जावा म्हणून आकडे इथे थोडे गोल केले आहेत.

आधी शीट साफ करा

आमच्याकडे २१२ फॉर्म आले. प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं क्रमांक घातला आणि तोच क्रमांक शीटच्या पहिल्या रकान्यात. हे केलं नाही, तर पुढे एखादं उत्तर विचित्र दिसलं की कुठला कागद उघडायचा तेच कळत नाही. मग मूळ शीटची प्रत काढली. मूळ शीटला हात लावायचा नाही, सगळी खुडबूड प्रतीत.

तपासताना चार फॉर्म दुबार निघाले, फोन नंबर सारखे होते. तीन अर्ध्याहून जास्त कोरे. पाच फॉर्ममध्ये चव, रंग, वास, दळण, पाकीट, किंमत सगळ्याला पाचपैकी पाच गुण होते, अगदी एका रेघेत. सहा गोष्टींबद्दल एकाच माणसाचं मत इतकं एकसारखं नसतं. त्याला दुकानात जायची घाई होती. हे बारा काढले, उरले २००. अहवालात "२१२ पैकी १२ फॉर्म या कारणांनी वगळले" असं लिहायचंच. न सांगता वगळलं, तर नंतर कोणी म्हणू शकतं की नको असलेली उत्तरं काढून टाकली.

फोन नंबरचा रकाना दुबार फॉर्म शोधायला आणि गरज पडली तर परत विचारायला लागतो. ते झालं की पुसून टाका. लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून नंबर दिलेला असतो, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तो जपणं ही कायद्याचीही बाब झाली आहे.

उत्तरांना अंक द्या: हो १, नाही २. आणि दोन प्रकारच्या रिकाम्या जागा वेगळ्या ठेवा. एक "लागू नाही", म्हणजे हा प्रश्न त्या माणसाला विचारायचाच नव्हता. दुसरी "उत्तर दिलं नाही", म्हणजे विचारला, पण तो बोलला नाही. मी पहिलीला ८८ आणि दुसरीला ९९ देते. दोन्ही नुसत्या कोऱ्या सोडल्या तर छेद काढता येत नाही, कारण प्रश्न नक्की कितीजणांना विचारला हेच हरवतं. मात्र सरासरी काढताना हे ८८ आणि ९९ बाजूला ठेवायला विसरू नका. एका मुलीनं वयाची सरासरी काढून आणली होती ५७, आणि फॉर्म होते कॉलेजबाहेर भरलेले. वय न सांगणाऱ्यांचे ९९ तिनं वयातच मिळवले होते.

एकाच प्रश्नाचे दोन टक्के

आता मोजणी. एक्सेलमध्ये काउंटइफ (एखादं उत्तर किती वेळा आलं ते मोजणारं सूत्र) किंवा पिव्हट टेबल (मोजणीचा तयार तक्ता) वापरा. पिव्हटला घाबरण्यासारखं काही नाही, रकाना ओढायचा आणि सोडायचा.

२०० जणांपैकी १२० जणांनी गेल्या तीन महिन्यांत विकतची भाजणी घेतली होती, कोणाचीही. म्हणजे ६० टक्के. त्या १२० पैकी ४८ जणांनी ताईंची घेतली होती. आता ताईंचा टक्का किती?

विकत घेणाऱ्यांत बघितलं तर ४८ भागिले १२०, म्हणजे ४० टक्के. विचारलेल्या सगळ्यांत बघितलं तर ४८ भागिले २००, म्हणजे २४ टक्के. दोन्ही खरे. पहिला सांगतो की इतर भाजण्यांसमोर ताई कुठे उभ्या आहेत. दुसरा सांगतो की दुकानात येणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरात ताईंचं पाकीट पोचलं. ताईंना साहजिकच ४० आवडला. मी म्हटलं, लिहू या, पण पूर्ण वाक्य लिहू या: "विकतची भाजणी घेणाऱ्या १२० जणांपैकी ४८ जणांनी, म्हणजे ४० टक्क्यांनी." आमच्या धंद्यात या छेदाला बेस म्हणतात आणि प्रत्येक तक्त्याखाली तो छापतात. तुमच्या तक्त्याखाली तो नसेल तर तक्ता अपुरा आहे असं समजा.

याच्याच शेजारची एक गल्लत सांगून ठेवते. नावाची ओळख ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली, तर ती "१० टक्क्यांनी" वाढली नाही. ती १० टक्के-बिंदूंनी वाढली, आणि आधीच्या तुलनेत २५ टक्क्यांनी. वाचणारा दोन्हींचा घोळ करतो, म्हणून सरळ "४० वरून ५०" असंच लिहावं.

सरासरी कुठे फसवते

अर्धा किलोला किती पैसे द्याल, असं आम्ही मोकळं विचारलं होतं. एका पानावरची नऊ उत्तरं अशी होती: ९०, १००, १००, ११०, ११०, १२०, १२०, १३०, ११००. यांची सरासरी येते २२० रुपये. नऊपैकी आठ जण १३० च्या वर गेलेले नाहीत आणि सरासरी २२०! क्रमानं लावून मधला आकडा घेतला, म्हणजे मध्यक, तर तो येतो ११०. लाल क्रमांकावरून कागद काढला, तर त्यावर ११० च होतं, टाइप करताना एक शून्य जास्त पडलं होतं. दुरुस्त केल्यावर सरासरीसुद्धा ११० आली. म्हणून पैसे, पगार, खर्च, अंतर असल्या आकड्यांसाठी मी आधी मध्यक बघते आणि मग सरासरी. दोन्हींत मोठी तफावत दिसली की शीटमध्ये काहीतरी बसलेलं असतं. कधी चूक असते, कधी खरोखरच एखादा मोठा गिऱ्हाईक असतो. खानावळवाला महिन्याला वीस किलो नेत असेल तर त्याला चूक समजून पुसू नका, त्याचा हिशेब वेगळा मांडा.

आता मुख्य प्रश्न. "२०० ग्रॅमचं पाकीट आलं तर घ्याल का?" पाच पायऱ्यांचं उत्तर. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली मांडली, आज प्रत्येक फॉर्ममध्ये ती असते. विकत घेणाऱ्या १२० जणांची उत्तरं: नक्की घेईन ३०, बहुतेक घेईन ४२, सांगता येत नाही १८, बहुतेक नाही १८, नक्की नाही १२.

पाचपासून एकपर्यंत गुण देऊन सरासरी काढली तर ती ३.५ येते. बरेच जण अहवालात एवढंच लिहितात. पण ३.५ म्हणजे काय? निम्म्यांनी ३ आणि निम्म्यांनी ४ दिले तरी ३.५ च येईल, आणि तिथे नक्की घेणारा एकही नसेल, नक्की नाकारणाराही नसेल. आमच्याकडे दोन्ही टोकांना माणसं होती. हा पसारा मोजणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. आमच्या उत्तरांत ते १.३ च्या आसपास येतं, त्या काल्पनिक निम्म्या-निम्म्यात फक्त ०.५. ताईंना प्रमाण विचलन सांगून उपयोग नव्हता. त्यांना सांगितलं: चौघांमागे एक "नक्की" म्हणतो आणि दहांमागे एक "नक्की नाही" म्हणतो.

वरच्या दोन पायऱ्या मिळवल्या तर ७२ जण, म्हणजे ६० टक्के. हा आकडा अहवालात घ्या, पण "नक्की"चे ३० जण वेगळे दाखवा. दुकानाबाहेर एखादी मुलगी उन्हात उभी राहून विचारते आहे, तिला तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून "हो, घेऊ की" म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. "बहुतेक घेईन"मध्ये ही भीड मोठ्या प्रमाणात असते. आमच्या एका फॉर्मवर तर मुलीनं समासात माणसाचा शब्दच लिहून ठेवला होता: "चालेल." हे "चालेल" बहुतेक घेईन आहे की सांगता येत नाही, यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि शेवटी ते मधल्या पायरीवर टाकलं. जे ठरवाल ते सगळ्या फॉर्मना सारखं लावा.

मोकळ्या उत्तरांचं काय करायचं

मला या कामातला सगळ्यात आवडता भाग हा. ताईंची भाजणी घेतलेल्या ४८ जणांना विचारलं होतं, "काय बदलायला हवं?" आणि खाली चार ओळी कोऱ्या.

सगळी उत्तरं एकदा नुसती वाचून काढा, काहीही न मोजता. दुसऱ्या वाचनात गठ्ठे करा. मी अजूनही कागदाच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर मांडते. "फार बारीक दळलीय", "पीठ झालंय, भरड हवी" हे एका गठ्ठ्यात. "खमंग लागत नाही", "धण्याचा वास पुढे येतो" दुसऱ्या. "पाकीट एकदा फोडलं की डब्यात ओतावं लागतं" तिसऱ्या. आठ जणांनी नुसतं लिहिलं होतं, "घरच्यासारखी नाही." हे कुठे टाकणार? चव, दळण, भाजणं, काहीही असू शकतं. त्यांतल्या ज्यांनी परत फोन करायला परवानगी दिली होती त्यांना फोन केले. पाच जणांनी उचलला, त्यांतले चार जण दळणाबद्दल बोलले. थालीपीठ थापताना हाताला रवाळ लागत नाही, असं एका आजींनी सांगितलं. तेवढ्यावरून आठही जणांना दळणात ढकलायचा मोह झाला होता, पण ते बरोबर नव्हतं. चौघांना दळणात घातलं, पाचव्या माणसाला त्यानं सांगितलेल्या वासात, आणि ज्यांच्याशी बोलणं झालं नाही त्या तिघांना तक्त्याच्या बाहेर ठेवून खाली तशी टीप दिली.

शेवटी असे आकडे आले: दळण १९, वास आणि खमंगपणा १५, पाकीट ११, काहीच नको ९. बेरीज ५४, माणसं ४८, कारण काहींनी दोन गोष्टी लिहिल्या. टक्के ४८ वर काढायचे: ४०, ३१, २३, १९. बेरीज शंभरावर जाते, आणि ती जायलाच हवी. "एकाहून अधिक उत्तरं" अशी ओळ खाली द्या. या तक्त्याचा गोल पाय-चार्ट काढू नका, पाय-चार्टला शंभराच्या वर जाता येत नाही. आडवे पट्टे काढा.

जमलं तर चिठ्ठ्यांचे गठ्ठे दुसऱ्या माणसाकडून एकदा स्वतंत्रपणे करून घ्या. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे तुमच्या गठ्ठ्याची व्याख्या कच्ची आहे.

कोण म्हणतंय?

छोटं पाकीट हवं असणारे ७२ जण कोण? इथे क्रॉस टॅब लागतो: एका बाजूला घरातली माणसं, दुसऱ्या बाजूला उत्तर. एक-दोन माणसांच्या घरांतले ५० जण होते, त्यांतले ३८ "घेईन" म्हणाले, म्हणजे ७६ टक्के. तीन किंवा जास्त माणसांच्या घरांतले ७० जण, त्यांतले ३४, म्हणजे ४९ टक्के. टक्के नेहमी गटाच्या बेरजेवर काढा. ७२ पैकी ३८ असं उलट काढलं तर ५३ येतात आणि दोन्ही घरांत फारसा फरक नाही असं वाटायला लागतं. छेद बदलला की गोष्ट बदलते ती अशी.

हा फरक योगायोगानं पडला असेल का? त्यासाठी कार्ल पिअर्सननं १९०० साली दिलेली काय-वर्ग चाचणी आहे. कल्पना साधी आहे. घराच्या आकाराचा काही संबंध नसता तर दोन्ही गटांत ६० टक्केच "घेईन" आले असते, म्हणजे लहान घरांत ३० आणि मोठ्या घरांत ४२. बाकीच्या तीन उत्तरांच्या बाजूला २० आणि २८. प्रत्यक्षात प्रत्येक खण या अपेक्षेपासून ८ नं हललेला आहे. ८ चा वर्ग ६४. तो प्रत्येक अपेक्षित आकड्यानं भागून बेरीज करा: २.१३, ३.२०, १.५२, २.२९. एकूण ९.१४. दोन बाय दोनच्या तक्त्याला नेहमीची मर्यादा ३.८४ ची. आपण बरेच पुढे आहोत, तेव्हा फरक निव्वळ योगायोगाचा मानणं कठीण. एक्सेल हे क्षणात करून देतं, पण एकदा हातानं करा, म्हणजे काय मोजतोय ते कळेल. कुठल्याही खणात अपेक्षित आकडा पाचच्या खाली गेला तर ही चाचणी लावू नका. आणि वीस प्रश्नांचे वीस क्रॉस टॅब करून जो "लागला" तेवढाच दाखवू नका. वीस वेळा बघितलं तर एखादा नुसत्या योगायोगानंही लागतो.

लहान गटांपासून सांभाळा. पिंपरीत विकत घेणारे २२ च होते, त्यांतले १४ "घेईन" म्हणाले. ६४ टक्के असं लिहिलं की ते फार ठाम दिसतं, पण त्याला वर-खाली वीसेक बिंदूंची मोकळीक आहे. तीसच्या खालच्या गटाचा मी टक्का लिहीत नाही. "२२ पैकी १४" असं लिहिते.

या मोकळिकीचा झटपट हिशेब: १ भागिले नमुन्याचं वर्गमूळ. १०० जणांना १० बिंदू, ४०० जणांना ५. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. आमच्या १२० ला साधारण ९ बिंदू, म्हणजे ६० टक्के हे ५१ ते ६९ च्या मध्ये कुठेतरी.

पण हे सूत्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याचं आहे, आणि दुकानाबाहेर भेटलेली माणसं तशी नसतात. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या आणि त्यावरून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं छापलं. रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतले होते, मंदीच्या काळात, म्हणजे मुख्यतः सुखवस्तू घरांचे. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या पाहणीत असंच दाखवून दिलं. शेतात फार छोटा तुकडा आखून कापणी केली की उत्पन्न जास्त दिसतं, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात. असे हजारो तुकडे कापले तरी ती चूक कमी होत नाही. आमच्या सर्वेक्षणातली कड म्हणजे किराणा दुकान. घरपोच मागवणारे आमच्या वाटेला आलेच नाहीत, आणि २०० च्या जागी २,००० फॉर्म भरले असते तरी आले नसते.

एक वाकडेपणा मात्र हिशेबानं थोडा सरळ करता येतो. आमचे १०० फॉर्म कोथरूडचे, ६० हडपसरचे, ४० पिंपरीचे. ताईंचं नाव ऐकलेले कोथरूडात ७०, हडपसरला २४, पिंपरीत १०. मिळून १०४, म्हणजे ५२ टक्के. पण ताईंचं खरं गिऱ्हाईक या तीन भागांत समजा ४०, ३० आणि ३० टक्के असं वाटलेलं असेल, तर प्रत्येक भागाचा टक्का त्या वजनानं धरायचा: २८ अधिक १२ अधिक ७.५, म्हणजे ४७.५. कोथरूड जास्त भरल्यामुळे आकडा फुगला होता. वजनं कुठून घेतली ते लिहा. २०११ च्या जनगणनेवरून आजच्या हडपसरला वजन लावू नका, तो भाग तेव्हाचा राहिलेला नाही.

अहवाल

एक पान पुरे. बाकी तक्ते मागे जोडा. पहिल्याच वाक्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या पानाची सुरुवात अशी होती:

"२०० ग्रॅमचं पाकीट करून बघण्यासारखं आहे, मुख्यतः एक-दोन माणसांच्या घरांसाठी. विकतची भाजणी घेणाऱ्या १२० जणांपैकी ७२ जण घेऊ म्हणाले, त्यांतले ३० जण 'नक्की' म्हणाले. लहान घरांत हे ५० पैकी ३८ आहेत, मोठ्या घरांत ७० पैकी ३४. मुलाखती तीन भागांतल्या किराणा दुकानांबाहेर झाल्या. भाजणी घरपोच मागवणाऱ्यांबद्दल यावरून काही सांगता येत नाही. आधीचे ग्राहक पाकिटाच्या आकाराआधी दळणाबद्दल बोलतात: ४८ पैकी १९."

दशांश नकोत. १२० माणसांत ६०.८३ टक्के लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. पट्ट्यांचा अक्ष शून्यापासून सुरू करा, नाहीतर ४९ आणि ७६ मधला फरक आहे त्याहून खूप मोठा दिसतो. आणि कच्चे आकडे टक्क्यांच्या शेजारी द्या, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः भागाकार करून बघता येतो.

ताईंनी पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग किती पाकिटं छापू?" ते सर्वेक्षणातून निघत नाही. "घेईन" म्हणणं आणि पैसे काढून देणं यांत अंतर आहे, आणि ते दुकानातच मोजावं लागतं. मी सुचवलं की कोथरूडमधल्या सहा दुकानांत, अर्ध्या किलोच्या शेजारी, छापील पाकिटाऐवजी साध्या पिशवीला लेबल लावून दोन महिने ठेवा. दर शनिवारी मोजा. त्यांनी तिथल्या तिथे हिशेबाची वही उघडली आणि पट्टी घेऊन रकाने आखायला सुरुवात केली. पहिला दुकानाचा, दुसरा तारखेचा. तिसऱ्यावर मी "विकली" सांगणार होते, पण त्यांनी आधी "ठेवली" असं लिहिलं आणि त्याच्यापुढे "विकली".